एकूण वजन जुळलं पण वाटणी चुकली: कंबाईनच्या यील्ड मॉनिटरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर इंदूरला, राजेंद्र नगरमधे. जमीन देपालपूरच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, घरातलेच लोक वाचतील आणि मिटलेला विषय परत उकरला जाईल. आजोबांनंतर तीन खाती झाली, मोठे काका, माझे वडील (आता मी बघतो) आणि आत्या. खाती वेगळी पण शेती अजून एकत्रच आहे. बियाणं एक, खत एकदम येतं, ट्रॅक्टर काकांचा. खर्च जमिनीच्या हिशोबानं वाटायचा आणि माल ज्याच्या शेतात जेवढा निघाला तेवढा त्याचा, हा आजोबांच्या वेळचा नियम.

तीन तुकडे असे. विहिरीचं शेत काकांचं, ४ हेक्टर, काळी भारी जमीन, पाणी हवं तितकं. नाल्याचं आमचं, ३.२ हेक्टर, मधलं. आणि बरडी आत्याची, ३.६ हेक्टर, वीतभर मातीखाली मुरूम, गव्हाला दोन पाणी मिळाली तरी खूप. तिन्हीकडे गहू एकच लावतो, तेजस म्हणजे एचआय ८७५९, इंदूरच्याच गहू केंद्रातून निघालेली मालवी जात. एकच जात असल्यामुळे गोडाऊनमधे ढीग एकत्र झाला तरी भावात फरक पडत नाही, आणि नेमकी हीच सोय पुढे नडली.

पूर्वी थ्रेशर होतं तेव्हा शेताशेताची पोती मोजायची, विषय संपला. कंबाईन (कापणी आणि मळणी एकदम करणारी मशीन) आल्यावर तिन्ही शेतं एका दिवसात आटपतात, टँकी भरली की जी ट्रॉली समोर असेल तिच्यात खाली करायची, बांध ओलांडताना टँकीत अर्धा गहू काकांचा आणि अर्धा आमचा. मग कुणाचा किती हे सांगणार कोण? तर मॉनिटर, म्हणजे कापता कापता किती पीक निघालं ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. काकांचा मुलगा (आमचा दादा) ज्या कंबाईनमधे पार्टनर आहे ती सेकंडहँड मशीन आहे, १४ फुटी कटर बार, आणि दादाला हौस म्हणून त्यानं वरून यील्ड मॉनिटरची किट बसवून घेतलेली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाळणीतून साफ झालेला गहू एलिव्हेटरच्या पॅडलांवरून वर टँकीकडे जातो, अगदी टोकाला पॅडल तो पुढे फेकतं आणि तिथे एक लोखंडी प्लेट असते, तिच्यावर दाणे आपटतात. किती जोरात आपटले त्यावरून सेकंदाला किती किलो गहू आला हे मशीन काढतं. बाजूला ओलाव्याचा सेन्सर असतो, वर जीपीएस, आणि हेडर (पुढचा कापणारा भाग) खाली आहे की वर हे सांगणारा एक सेन्सर. म्हणजे मॉनिटर गहू तोलत नाही. आपटण्यावरून अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाला खऱ्या वजनाशी जोडून द्यायचं काम आपलं, त्यालाच कॅलिब्रेशन म्हणायचं. आम्ही पहिल्या वर्षी हे जवळपास केलंच नाही.

प्रॉब्लेम काय झाला

२०२४ च्या मार्चमधे आभाळ भरून आलं म्हणून घाईघाईत एका दिवसात आणि अर्ध्या रात्रीत सगळं कापलं. स्क्रीनवर आकडे आले ते असे, विहिरीचं शेत २२७ क्विंटल, नाल्याचं १४८, बरडी ११४. एकूण ४८९. आणि धर्मकाट्यावर (गाड्या तोलायचा मोठा काटा) सगळ्या ट्रॉल्या मिळून भरले ४२१. म्हणजे मॉनिटर १६ टक्के जास्त सांगत होता.

दादानं काय केलं, सगळ्यांनी जे केलं असतं तेच केलं. ४२१ भागिले ४८९, जो आकडा आला त्यानं तिन्ही शेतांना गुणलं. विहिरीचं झालं १९५.५, नाल्याचं १२७.५, बरडी ९८. बेरीज बरोब्बर ४२१, काट्याच्या चिठ्ठ्यांशी जुळली, सगळे खूश. मी पण खूश होतो, खोटं कशाला बोलू. एकूण जुळलं म्हणजे वाटणी पण बरोबर असणार, हे इतकं सहज वाटून जातं ना की त्यात तपासण्यासारखं काही आहे हेच डोक्यात येत नाही.

फक्त काका गप्प होते. जेवताना म्हणाले, "बरडीवर एकरी अकरा क्विंटल? दोन पाण्यावर?" आम्ही म्हणलं काका, जात नवीन आहे, थंडी लांबली यंदा. ते म्हणाले, "थंडी काय फक्त बरडीवरच पडली का?" आणि उठून गेले. वर्षभर तो विषय कुणी काढला नाही पण दिवाळीच्या फराळाला सुद्धा जरा अवघडल्यासारखंच होतं. आत्याला तर कल्पनाच नव्हती, ती पुण्याला असते, तिला फोनवर आकडा सांगितला आणि तिनं बरं म्हणून सोडून दिलं.

काकांचं म्हणणं बरोबर का होतं हे मला कळायला जानेवारी उजाडला. आधी वाटलं बापलेकांचं काहीतरी असेल. मग एकदा बसून कागदावर मांडलं. किराण्याच्या तराजूत पासंग असतो ना, रिकाम्या पारड्यातच तीस ग्रॅम जास्त? पाच किलो साखर घेतली तर तीस ग्रॅमनं काही होत नाही, पण शंभर ग्रॅम वेलची घेतली तर गिऱ्हाईक मेलं. तेच इथे. मशीन चालू असताना थडथडाट होतो, त्यानं प्लेट हलते, आणि एक दाणा नसताना सुद्धा सेन्सर काहीतरी आकडा देतो. समजा हा पासंग सेकंदाला ०.३ किलोचा आहे. विहिरीच्या शेतात हेक्टरी ५० क्विंटलचं पीक, ताशी ४ किलोमीटरनं मशीन चालली तर सेकंदाला साधारण २.४ किलो गहू वर येतो, त्यावर ०.३ म्हणजे साडेबारा टक्के. बरडीत त्याच स्पीडला येतो १.२ किलो, त्यावर तोच ०.३ म्हणजे २५ टक्के! आता सगळ्यांना एकाच आकड्यानं गुणलं तर बेरीज जुळणारच, पण ज्याचं पीक दाट त्याचं कापलं जाणार आणि ज्याचं विरळ त्याला वाढवून मिळणार. काकांचे साडेसहा क्विंटलच्या आसपास बरडीकडे गेले असावेत असा माझा हिशोब निघाला. ०.३ हा मी धरलेला आकडा आहे, मोजलेला नाही, पण धरल्यावर तिन्ही शेतांचे स्क्रीनवरचे आकडे इतके नीट बसले की मी रात्री अकराला दादाला फोन केला.

पर्याय

फेब्रुवारीत आम्ही तिघं बसलो, काका, दादा आणि मी.

काकांचा पर्याय सरळ होता, मॉनिटर बंद करा, प्रत्येक शेताची ट्रॉली वेगळी ठेवा आणि काट्यावर न्या. आता खरं सांगायचं तर नुसत्या वाटणीसाठी हाच पर्याय सगळ्यात चांगला आहे, आजही माझं हेच मत आहे. अडचण एवढीच की बांधावर टँकी रिकामी करून मगच पुढच्या शेतात शिरायचं, म्हणजे पाजीला (ऑपरेटर पंजाबचा, सीझनला येतो) थांबावं लागतं, आणि त्याला तर पुढच्या गावाचे फोन चालू असतात. शिवाय रात्री काटा बंद.

दादाचा पर्याय, सुरवातीला एकच ट्रॉली काट्यावर नेऊ, तेवढं वजन मॉनिटरमधे टाकू, झालं. बहुतेक जण हेच करतात. पण एका ट्रॉलीनं मशीन फक्त त्या एका स्पीडला आणि त्या एका पिकाला बरोबर होतं. विहिरीच्या शेतात दाट पिकात केलं तर बरडीत चूक तशीच राहणार. म्हणजे भांडण होतं तिथेच.

माझा पर्याय होता पाच-सहा खेपा, वेगवेगळ्या स्पीडनं, प्रत्येकीचं वजन वेगळं. दादाच्या किटमधे एकापेक्षा जास्त वजनं टाकायची सोय आहे, त्यावरून ती स्वतः वक्ररेषा बसवते. यात अर्धा दिवस जातो. काका म्हणाले एवढा उपद्व्याप कशाला, काट्यावर नेऊन मोकळे व्हा. मी म्हणलं मला वाटणी तर हवीच आहे पण आपल्या नाल्याच्या शेतात कुठल्या पट्ट्यात पीक बसतंय हे पण बघायचंय, तो नकाशा काटा देणार नाही. शेवटी ठरलं की दोन्ही करू, कॅलिब्रेशन नीट करायचं आणि एक शेत पूर्ण काट्यावर तोलायचं, बरडीच, कारण शंका तिथली. हा तोडगा काकांनी सुचवला हे नमूद करतो.

काट्याचा प्रश्न

हा छोटा भाग वाटतो पण इथे आम्ही जवळजवळ फसलो होतो. जवळचा काटा तीन किलोमीटरवर, शंभर टनी, ट्रकांसाठीचा, त्याचा आकडा २० किलोच्या टप्प्यानं बदलतो. म्हणजे भरलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली दोन्ही वेळी दहा-दहा किलो इकडे तिकडे होऊ शकतात. आमची एक खेप सतरा क्विंटलच्या आसपास, त्यात वीस किलोची चूक म्हणजे १.२ टक्के. दीड टक्क्याच्या आत मॉनिटर आणायचा आणि ज्याच्याशी ताडून बघायचं तो काटाच सव्वा टक्का हलणारा, याला काय अर्थ आहे. दुसरा काटा नऊ किलोमीटरवर, ४० टनी, ५ किलोचा टप्पा. डिझेल गेलं, वेळ गेला, पण तिथेच गेलो. आणि आधी एकच रिकामी ट्रॉली दोनदा चढवून बघितली, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं. आकडा तोच आला, मग विश्वास ठेवला. काटेवाला आमच्याकडे असा बघत होता जणू आम्ही माप-तोल खात्याचे आहोत.

प्रत्यक्ष काय केलं

ठरवलं होतं १९ मार्च २०२५. पण त्या दिवशी रंगपंचमी, आणि इंदूर जिल्ह्यात रंगपंचमीला कुणाला कामावर बोलवायचं म्हणजे... ट्रॉलीवाला भिया राजवाड्याला गेरीत (इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक), दादा पण गेरीत, मी सुद्धा काही शेतात नव्हतो. म्हणून २० ला सकाळी. भियाच्या कानामागचा हिरवा रंग तसाच होता.

आधी मशीन बघितली. एलिव्हेटरचं झाकण उघडलं तर चेन ढिली आणि दोन पॅडलांचे रबर अर्धे फाटलेले. पाजी म्हणाला चलता है. गहू वर चढवायला चालतंच ते, पण प्लेटवर दाणा कसा आपटणार हे पॅडलवरच ठरतं, त्यामुळे चेन आणि पॅडल आधी नीट करायचे, मग कॅलिब्रेशन. उलटं केलं तर सगळं परत. पॅडल बदलायला दीड तास गेला आणि पाजीचं तोंड वाकडं झालं, त्याला पोहे-जिलबी खाऊ घातली.

मग पासंग काढायचा. किटच्या मेनूमधे व्हायब्रेशनचा ऑप्शन असतो, मशीन रिकामी चालवून तो शून्य करायचा. दादाला विचारलं गेल्या वर्षी केला होता का, तो म्हणाला हो, किट बसवणाऱ्यानं केला होता. कसा? इंजिन चालू करून. आणि थ्रेशर, हेडर? ते बंद. झालं! अहो, थडथडाट तर थ्रेशिंग ड्रम आणि चाळण्या चालू झाल्यावरच होतो. म्हणजे बंद दुकानात तराजू तपासला आणि भर बाजारात वापरला. या वेळी सपाट जागेवर, हेडर जोडलेलं, ड्रम, चाळणी, रील सगळं चालू, फुल्ल थ्रॉटल, टँकी आणि एलिव्हेटर रिकामे, असा मिनिटभर चालवून शून्य केला. थ्रेशर बंद-चालू करून आधीचा आकडा बघितला तर फरक डोळ्यानं दिसत होता.

हेडर किती वर गेला की क्षेत्र मोजणं थांबवायचं ती सेटिंग पण चुकीची निघाली, बांधावर वळताना सुद्धा मशीन कापतोय असंच धरत होतं. त्यानं वजन बदलत नाही पण हेक्टरी क्विंटल कमी दिसतात. कापायची रुंदी १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर टाकलेली, प्रत्यक्षात पाजी थोडं कापलेल्यावरून घेतो म्हणून ४ मीटर टाकली. हे झटपट झालं.

ओलावा. मॉनिटर म्हणत होता १३.१, आमच्या हातातल्या मीटरनं टँकीच्या तीन ठिकाणचा गहू घेऊन सरासरी आली १०.४. मार्चच्या दुपारी मालव्यात उभ्या गव्हात तेरा टक्के ओलावा? सेन्सर उघडला तर त्यावर भुशाची आणि हिरव्या गवताची पापडी बसलेली. पुसला, मग १०.८ दाखवायला लागला, उरलेला फरक सेटिंगमधून काढला. हे का महत्त्वाचं, तर आमचा मॉनिटर वजन १२ टक्के ओलाव्याला आणून पण दाखवतो (सरकारी खरेदीत १२ च्या वर ओलावा असला की कपात होते म्हणून आम्ही तेच ठेवलंय) आणि तेरा-दहाच्या चुकीनं ते वजन तीन टक्के कमी दिसतं. पण काट्याशी ताडायचं ते ओलं वजन, जसं आहे तसं. दादानं पहिल्या खेपेला १२ टक्क्यांना आणलेलं वजन टाकलं होतं, वेळेवर लक्षात आलं.

आता खेपा. नियम एवढेच की टँकी प्रत्येक वेळी पूर्ण रिकामी, ऑगर (टँकीतला गहू बाहेर काढणारा स्क्रू) शेवटच्या दाण्यापर्यंत चालवायचा, एका खेपेत स्पीड बदलायचा नाही, आणि तोच ट्रॅक्टर तीच ट्रॉली.

पहिली, विहिरीचं शेत, ताशी ४.२. काटा १,७३५ किलो, मॉनिटर १,८२०. म्हणजे ४.९ टक्के जास्त. दुसरी, तिथेच, ताशी ३.२. काटा १,६९०, मॉनिटर १,७८५, ५.६ टक्के. तिसरी, तिथेच पण ताशी २.२, पाजी जांभया देत होता. काटा १,६१०, मॉनिटर १,७४०, ८.१ टक्के. चौथी बरडीत, परत ताशी ४.२. काटा १,४८०, मॉनिटर १,५९५, ७.८ टक्के.

तिसरी आणि चौथी बघा. एक काकांचं सोन्यासारखं शेत, एक आत्याची बरडी, पण तिसऱ्या खेपेत मशीन हळू चालली म्हणून दाट पिकातून पण गहू तेवढाच बारीक धारेनं वर आला जेवढा बरडीतून जोरात चालल्यावर येतो. आणि चूक जवळजवळ सारखीच. हे मी काकांना बांधावर, ट्रॉलीच्या फाळक्यावर खडूनं लिहून दाखवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "म्हणजे शेताचा दोष नाही, धारेचा आहे." मी जानेवारीपासून जे पासंग बिसंग म्हणत होतो त्यापेक्षा हे वाक्य चांगलं होतं. धार दाट तर चूक कमी, धार बारीक तर चूक जास्त. पासंग काढल्यावर सुद्धा थोडी उरलीच होती, पण गेल्या वर्षीएवढी नाही.

पाचवी खेप परत बरडीत घेतली, चौथी बरोबर आहे का बघायला. काटा १,५६५, मॉनिटर १,७६०. साडेबारा टक्के! सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेन्सर हलला? पॅडल निघालं? दादा झाकण उघडायलाच निघाला होता. मी चिठ्ठ्या काढल्या. आधीच्या चारही खेपांत ट्रॉली रिकामी केल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन पाच-दहा किलोच्या आत तेच, पाचव्या वेळी सत्तर किलो जास्त. भियाला विचारलं, तू उतरला होतास का काट्यावर? भरलेली होती तेव्हा उतरलो होतो, चिठ्ठी घ्यायला. आणि रिकामी असताना? बसून होतो, ऊन किती होतं. म्हणजे भिया स्वतःच तोलला गेला होता आणि सत्तर किलो गहू कागदावरून गायब. भियाचं त्यावर म्हणणं, "मैं इत्ता मोटा हूँ क्या?"

इथे एक निर्णय होता. सत्तर किलो मिळवून १,६३५ धरलं तर चूक ७.६ टक्के येते, चौथीशी सुंदर जुळते. दादा म्हणाला टाकून दे, कारण तर कळलंय ना. मी नको म्हणलं. जुळतंय म्हणून दुरुस्त करायचं आणि दुरुस्त केलं म्हणून जुळतंय, या चक्रातच तर गेल्या वर्षी आपण फसलो. ती खेप रद्द केली. तिच्याऐवजी दुसरी कापून चार अधिक एक अशी पाच वजनं किटमधे टाकली.

आणि सहावी खेप, नाल्याच्या शेतातली, ती किटमधे टाकायचीच नाही असं आधीच ठरवलं होतं. ज्या वजनांवरून मशीन शिकली त्याच वजनांवर तिची परीक्षा घेतली तर ती पास होणारच. सहावीचा काटा १,६५५, मॉनिटर १,६७२. एक टक्का. मग पाजीला म्हणलं, आता पळव.

निकाल

बरडी पूर्ण काट्यावर तोलली. काटा ८८.२ क्विंटल, मॉनिटर ८९.१. जे एकरी अकरा दिसले होते ते या वर्षी एकरी दहाच्या आत आले, तेवढ्याच पाण्यावर. एकूण बेरीज पण टक्क्याच्या आत जुळली, पण या वेळी एकूण जुळण्यावर कुणी नाचलं नाही.

राहिला गेल्या वर्षीचा हिशोब. हा खरा अवघड भाग होता आणि इथे कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही. किटमधे गुणलेले आकडेच राहिले होते, मूळ ४८९ चा फोटो दादाच्या व्हॉट्सॅपमधे सापडला. त्यावरून मी अंदाज बांधला तर बरडी ९१ ते ९५ क्विंटलच्या मधे कुठेतरी येते, ९८ नाही. पण ९१ की ९५ हे सांगता येत नाही, कारण मधे पॅडल बदलले, चेन ताणली, गेल्या वर्षीची मशीन आता राहिलीच नाही. तीन ते सात क्विंटलचा प्रश्न, त्या वर्षीच्या २,२७५ च्या हमीभावानं आणि १२५ बोनसनं म्हणलं तर सात ते सतरा हजार रुपये. फार नाही, पण एक वर्ष काका जेवताना गप्प बसले त्याची किंमत यात धरलेली नाही.

दादा म्हणाला मधला आकडा धरू, पाच क्विंटल, आणि मी आत्याला समजावतो. काकांनी साफ नकार दिला. म्हणाले बहिणीच्या घरून गहू परत आणायला मी काय सावकार आहे का, मला आकडा खरा हवा होता, तो मिळाला. मी तरी आत्याला फोनवर सगळं सांगितलं, लपवण्यासारखं नव्हतंच. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझा गहू कमी झाला म्हणायचं, की पहिल्यापासून तेवढाच होता?" मग त्या दिवाळीला तिनं काकांकडे एक डबा अनारसे पाठवले, माझ्याकडे नाही.

परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट, २०२४ मधेच ४८९ आणि ४२१ दिसल्यावर थांबायला हवं होतं. सोळा टक्के म्हणजे सेटिंगची किरकोळ चूक नव्हे, काहीतरी मुळातच बिघडलंय. आम्ही ते गुणाकारानं झाकलं.

दुसरं, मूळ आकडे जपायचे. आता प्रत्येक शेत संपलं की स्क्रीनचा फोटो, तारीख, स्पीड आणि काट्याच्या चिठ्ठ्या काकांच्या डायरीत जातात. काका डायरी कुणाला देत नाहीत, बघायची तर त्यांच्यासमोर बसून बघा.

तिसरं, बरडीसारखीच बारीक धारेची अजून एक खेप सुरवातीलाच घ्यायला हवी होती. आमच्या तीन खेपा विहिरीच्या शेतात गेल्या कारण ते रस्त्याला लागून आहे, बाकी काही कारण नाही. जिथे शंका तिथे खेपा जास्त, हे उलटं झालं. आणि काट्यावर भिया दोन्ही वेळा खाली, हे चिठ्ठीवरच लिहायला सुरवात केलीय.

एका बाबतीत माझं आणि दादाचं अजून पटत नाही. तो म्हणतो कॅलिब्रेशन झालं ना, आता दोन-तीन वर्ष बघायची गरज नाही. माझं म्हणणं, निदान एक खेप दर सीझनला ताडून बघायची, आणि पीक बदललं की सगळं नव्यानं. गव्हाचं कॅलिब्रेशन सोयाबीनला चालत नाही, दाणा गोल, जड, आपटतो वेगळा. शिवाय आमच्याकडे सोयाबीन हेक्टरी पंधरा-सोळा क्विंटल निघालं तरी लोक पेढे वाटतात, म्हणजे ताशी चार किलोमीटरला सेकंदाला पाऊण किलोच्या आसपास. गव्हात आम्ही सगळ्यात बारीक धार तपासली ती सव्वा किलोची. त्याच्या खाली मशीन काय सांगतं ते आम्ही बघितलेलंच नाही. दादा हो-नाही करता करता तयार झालाय, ऑक्टोबरमधे सोयाबीनच्या पहिल्या कोरड्या दिवशी चार खेपा, त्यातल्या दोन बरडीत. पॅडल त्याच्या आधी बघायचे.